विष उतरलं म्हणजे माणूस बरा झाला?

दिवाळी आटोपली की ताप्ती लाइनच्या गाड्यांतून आणि मुकादमांच्या ट्रकांतून कोयते सुरत जिल्ह्यात उतरू लागतात. धडगाव, तळोदा, नवापूर, साक्री, शेजारचं डांग. तिथून आलेल्या जोड्या बारडोली, महुवा, मांडवी, कामरेजचा ऊस तोडतात. फडात उंदीर असतात, उंदरांमागे साप येतात, आणि फडाच्या कडेला पडावात ही माणसं जमिनीवर झोपतात. दर हंगामात त्यांतले काही जण साप चावला म्हणून सुरतेच्या रुग्णालयांत पोचतात. वेळेवर पोचलेले बहुतेक वाचतात. त्यांना घरी सोडताना एक वाक्य हमखास कानावर येतं, “विष उतरलं, आता काळजी नाही.” माझा आक्षेप या वाक्याच्या उत्तरार्धाला आहे.

मी सुरतेतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. वडील शिंदखेड्याकडून लूमवर कामाला आले, मी उधन्यात वाढले. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती. माझं मराठी ऐकून पेशंटचे नातेवाईक लॅबच्या खिडकीशी येतात आणि डॉक्टरांना विचारायला कचरतात ते मला विचारतात. मी डॉक्टर नाही, उपचार सांगत नाही. पण साप चावलेल्या माणसाचं रक्त माझ्या हाताखालून जातं, आणि त्यात जे दिसतं ते त्या धीराच्या वाक्याशी जुळत नाही.

रुग्ण दाखल झाला की पहिली तपासणी अगदी साधी असते. शिरेतून काढलेलं दोन मिलिलिटर ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचं. नळी प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेलीही चालत नाही, कारण रक्त गोठायला काचेचा पृष्ठभाग लागतो आणि साबणाचा अंश राहिला तर निकाल फसतो. नळी स्टँडमध्ये उभी करायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच, हलक्या हाताने, ती कलती करायची. रक्ताचा गोळा तळाशी बसून राहिला तर ठीक. ते पाण्यासारखं कडेने वाहिलं तर घोणस किंवा फुरसं चावल्याचं गृहीत धरून प्रतिविष सुरू होतं. दर सहा तासांनी नवी नळी लागते. ज्या नळीत रक्त गोठतं ती नळी हातात घेऊन वॉर्डात जाताना मलाही हायसं वाटतं. सगळे म्हणतात, उतरलं.

पण त्या नळीला फक्त रक्त गोठण्याचं कळतं. पांढऱ्या पेशींचं तिला काहीच कळत नाही. त्यांच्यासाठी जांभळ्या झाकणाच्या नळीतला थेंब काचपट्टीवर पसरायचा, लिश्मनने रंगवायचा आणि तेलाच्या लेन्सखाली बघायचा. घोणस चावलेल्याच्या काचपट्टीवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. त्यांत पुरत्या न पिकलेल्या, अस्थिमज्जेतून घाईने बाहेर पडलेल्या पेशीही दिसतात. कित्येकींच्या पोटात गडद, खरखरीत दाणे असतात. प्लेटलेट विरळ, आणि अधूनमधून फाटलेल्या तांबड्या पेशींचे तुकडे. नळीतलं रक्त गोठू लागलं तरी ही गर्दी लगेच पांगत नाही. शरीराच्या लेखी लढाई चालूच असते.

ही गर्दी जमते कशी? घोणस आणि फुरशाच्या विषात एकच पदार्थ नसतो, प्रथिनांचं मिश्रण असतं. त्यातली मेटॅलोप्रोटिनेज ही एन्झाइम्स बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर कातरतात. फॉस्फोलायपेज ए-२ पेशींची पटलं फोडतं, आणि त्यातून सुटलेल्या स्निग्धाम्लापासून सूज आणि वेदना वाढवणारी रसायनं तयार होतात. त्वचेखालच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. मॅक्रोफेज पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ असे रासायनिक निरोप रक्तात सोडतात, आणि ते मिळताच न्यूट्रोफिल दंशाच्या जागी धावतात. इथवर सगळं आपल्या बचावासाठीच असतं. पण दंगल आवरायला आलेल्या पोलिसांनीच दुकानं फोडावीत तसं पुढे होतं. न्यूट्रोफिलजवळची जंतू मारायची हत्यारं आपल्याच स्नायूंवर आणि कातडीवर चालतात.

याचा एक नेमका पुरावा आपल्याच देशातून आला. म्हैसूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात फुरशाच्या विषावरचं काम प्रसिद्ध केलं. न्यूट्रोफिल पेशी जंतूंना पकडण्यासाठी स्वतःचाच डीएनए बाहेर टाकून त्याचं जाळं पसरतात. फुरशाच्या विषानेही त्या हेच करतात, असं त्यांना दिसलं. या जाळ्याने बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि विष दंशाच्या जागीच अडकून राहतं, त्यामुळे तिथलं मांस मरतं. डीएनए कापणारं एन्झाइम फुरशाच्या विषात नसल्यातच जमा, म्हणून जाळं टिकतं. मग त्यांनी उंदरांच्या शेपटीत विषाबरोबर ते एन्झाइम टोचलं, तेव्हा शेपटी वाचली. विषानंतर टोचलं तरीही शेपटी झडायची थांबली. ज्या उंदरांच्या अंगात न्यूट्रोफिलच कमी करून टाकले होते, त्यांच्या शेपटीलाही इजा झाली नाही. उंदरावर झालं ते माणसावर होईलच असं नाही. पण फुरशाने चावलेला पाय सडतो त्याचा दोष निव्वळ सापाला देता येत नाही, एवढं या प्रयोगाने दाखवून दिलं.

याचा अर्थ आपल्या पेशी शत्रू आहेत असा मात्र नाही. ‘सायन्स’मध्ये २००६ साली आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मास्ट पेशी नसलेले उंदीर काही सापांच्या विषाने जास्त लवकर मेले. मास्ट पेशींमधलं एक एन्झाइम विषाचे तुकडे करत होतं. म्हणजे ज्या पेशी सूज आणतात त्याच विषाची धारही बोथट करतात. सरसकट सूज मारणारी औषधं देऊन हा प्रश्न सुटणार नाही, तो याच कारणाने.

आणि प्रत्येक सापाची तऱ्हा वेगळी. नागाच्या विषात एक प्रथिन असतं, ते रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या संरक्षक प्रथिनांना विनाकारण कामाला लावून संपवून टाकतं. नागाच्या विषाने रक्तद्रवाची जंतू मारण्याची ताकद जाते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्लेक्सनर आणि नोगुची यांनी दाखवलं होतं. पुढे हेच प्रथिन कॉम्प्लिमेंटचा अभ्यास करणाऱ्यांचं प्रयोगशाळेतलं नेहमीचं साधन झालं. मण्यारीचं आणखी निराळं. गुजरातीत तिला काळोतरो म्हणतात. ती रात्री झोपेत चावते. ना सूज, ना आग. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि पडावातले लोक अपचन म्हणून ओवा देतात. तैवानच्या मण्यारीच्या विषातलं बंगारोटॉक्सिन स्नायूंवरच्या ज्या प्रकारच्या ग्राहींना चिकटतं, तशाच जातीचे ग्राही मॅक्रोफेजवरही असतात. २००३ साली न्यूयॉर्कमधल्या केविन ट्रेसी यांच्या गटाने ते ओळखले, तेव्हा याच विषाचा उपयोग झाला. मज्जातंतू आणि प्रतिकारशक्ती एकमेकांशी बोलतात, हे समजायला मण्यारीची मदत झाली.

आता प्रतिविषाकडे येते. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषांवर मिळून चालतं. घोड्याला विषाचे वाढते डोस टोचायचे, त्याच्या रक्तातले प्रतिपिंड वेगळे काढायचे, छाटून शुद्ध करायचे आणि कुपीत भरायचे. मुंबईच्या हाफकिनपासून हा उद्योग मराठी माणसाला ऐकून माहीत आहे. सुरुवातीला साधारण दहा कुप्या शिरेतून जातात. लहान मुलालाही डोस मोठ्यांइतकाच, कारण साप माणूस बघून विष कमी करत नाही. याला दुसरा पर्याय नाही, आणि ते देण्यात दिरंगाई करणं म्हणजे जिवाशी खेळ, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. पण प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधतं. मेलेलं मांस ते जिवंत करत नाही आणि खवळलेल्या पेशींना माघारीही बोलावत नाही.

शिवाय ते घोड्याचं प्रथिन आहे. ते जाताना काहींना लगेच थंडी वाजते, अंगावर गांध्या उठतात, रक्तदाब कोसळतो. त्यासाठी अ‍ॅड्रिनलिन भरलेली सिरिंज उशाशी तयार असते. हे धोके रुग्णालयात, डॉक्टरांसमोर घडतात. उशिरा घडणारी गोष्ट मात्र कोणी पाहत नाही. आठवड्याभराने, कधी दोन आठवड्यांनी, शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्ध स्वतःचे प्रतिपिंड बनवतं. दोघांची जुळलेली गाठोडी सांध्यांत, कातडीत, मूत्रपिंडात जाऊन बसतात. ताप येतो, सांधे धरतात, अंगावर चट्टे उमटतात. व्हिएन्नात पिर्के आणि शिक या डॉक्टरांनी १९०५ मध्येच याचं सविस्तर वर्णन करून ठेवलं. त्यांचे रुग्ण म्हणजे घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेलं औषध टोचलेली मुलं. वेळेत डॉक्टरांनी पाहिलं तर थोड्या दिवसांच्या स्वस्त गोळ्यांनी हा त्रास आवरतो.

पण तोवर आमचा पेशंट कुठे असतो? तळोद्याकडचा एक जण मला चांगला आठवतो. घोणस चावलेली, रक्त गोठू लागलं, पाच-सहा दिवसांत सुटी झाली. पुढच्या हंगामात त्याची बायको दुसऱ्या कुणासाठी रुग्णालयात आली आणि खिडकीशी थांबली. म्हणाली, “ताई, घरी गेल्यावर त्याला लई ताप चढला. गुडघे उचलेनात. सगळे म्हणे, सापाने डूख धरला.” मग भगत बोलावला, कोंबडं गेलं, मुकादमाकडून आणखी उचल घेतली. ताप त्याच्या वेळेने उतरला आणि श्रेय भगताला मिळालं. पाय मात्र आखडलेलाच राहिला. पुढच्या खेपेला त्या कुटुंबात कुणाला साप चावला, तर ते आधी कुठे जातील? भगताकडे का गेलात म्हणून त्यांना रागावण्याआधी हा हिशेब मांडायला हवा. दहाव्या दिवशीच्या तापाचं कारण आपण त्यांना सांगितलंच नव्हतं. ते त्यांना डूख धरणाऱ्या सापाने सांगितलं.

नवापूर स्टेशनाचा फलाट अर्धा गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. पेशंट तो फलाट ओलांडतो, पण त्याचा केसपेपर ओलांडत नाही. सुरतेच्या दृष्टीने तो बरा होऊन गेलेला असतो, नंदुरबारच्या आरोग्य केंद्राला तो आजारी होता हेच ठाऊक नसतं. महिन्याभराने लघवी कमी झाली, पाय सुजले, तर त्याचा घोणशीशी संबंध लावणार कोण? घोणशीच्या दंशाने मूत्रपिंडं बसतात आणि काहींची पुरती सावरत नाहीत, हे वैद्यकाला पक्कं माहीत आहे. क्वचित पिट्युटरी ग्रंथीचं कामही मंदावतं आणि माणूस वर्षानुवर्षं निस्तेज होत जातो. हे सगळं ‘विष उतरलं’ या शेऱ्यानंतरचं आहे.

सरकारी कागद मृत्यूंवर थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं आणि २०१९ मध्ये २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं ठरवलं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. हे सगळं स्वागतार्हच. पण जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की मृत्यूंच्या जवळपास तिप्पट माणसं हातपाय गमावतात किंवा कायमची अधू होतात. ती माणसं आपल्या कुठल्या रजिस्टरात आहेत?

भरपाईचंही तसंच. महाराष्ट्राच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू आला तर २ लाख आणि एक हात किंवा पाय निकामी झाला तर १ लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण ती खातेदार शेतकऱ्याची आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याची. कोयत्यावर येणाऱ्या कित्येकांच्या नावावर सातबारा नाही. आणि लंगडणारा पाय ‘निकामी’ ठरवायला लागणारा कागद फलाटाच्या दुसऱ्या बाजूला राहिलेला असतो.

सुटीनंतरही पेशंटचा पाठपुरावा व्हावा, या माझ्या मागणीवर एक उत्तर मला सहकाऱ्यांकडूनच मिळतं. ते म्हणतात, आधी प्रत्येक आरोग्य केंद्रात प्रतिविष तरी पोचू दे, मग दहाव्या दिवसाचं बघू. प्रतिविष पोचायलाच हवं, त्यात वाद नाही. पण पाठपुराव्याला शीतकपाट लागत नाही, घोडे लागत नाहीत. एक कार्ड, एक फोन आणि गावातली आशाताई लागते. एका कामासाठी दुसरं थांबवण्याइतका खर्च यात कुठेही नाही.

शिवाय विषाकडून शरीराकडे नजर वळवल्याने काय साधतं, याचा धडा मराठी मुलखानेच दिला आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहत होते. माणूस मरतो तो दंशानंतर शरीरात उसळणाऱ्या वादळाने हृदय कोलमडून, हे त्यांनी हेरलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर लागू पडते, हे त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. कोकणातली मुलं त्या गोळीने वाचू लागली. सापाच्या बाबतीत प्रतिविषाची जागा गोळी घेणार नाही. पण प्रतिविषाच्या जोडीला शरीराच्या प्रतिसादावरचं औषध शोधायची दिशा हीच आहे. फॉस्फोलायपेज अडवणारं व्हॅरेस्प्लॅडिब मुळात दाह कमी करण्यासाठी तयार झालं होतं. सर्पदंशासाठी त्याच्या गोळ्यांच्या चाचण्या भारतातल्या रुग्णालयांतही झाल्या आहेत.

सुरतेला तर ही संधी दारात आहे. दोन-अडीच तासांवर धरमपूरला डॉ. डी. सी. पटेल यांनी दशकानुदशकं सर्पदंशाचे रुग्ण पाहिले, आणि वन विभागाच्या सोबतीने तिथे सर्प संशोधन संस्था उभी राहिली. इथल्याच सापांचं विष काढून इथल्या माणसांना लागू पडेल असं प्रतिविष बनावं, हा तिचा उद्देश. आजवर आपल्या प्रतिविषासाठी लागणारं विष बहुतांशी तमिळनाडूच्या इरुळा सहकारी संस्थेकडून येत आलं आहे, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात बदलतं हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनागर यांच्या गटाने दाखवलं आहे. साप धरमपुरात, रुग्ण आणि मेडिकल कॉलेजं सुरतेत. रुग्णाच्या संमतीने पहिल्या, तिसऱ्या आणि दहाव्या दिवसाचं रक्त जपून पांढऱ्या पेशींचा अभ्यास इथे झाला, तर म्हैसूरला उंदरात दिसलं ते माणसात किती खरं, हे कळू शकेल.

म्हणून दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांकडे माझं मागणं मोजकं आहे. सर्पदंशाच्या नोंदीच्या फॉर्मात दहावा दिवस, एक महिना आणि तीन महिने असे तीन रकाने घाला. पहिल्यात ताप, सांधे, चट्टे आणि जखम. पुढच्या दोन्हींत लघवी, रक्तदाब, क्रिएटिनिन आणि हातापायाची हालचाल. सुटीच्या वेळी मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत एक कार्ड द्या. त्यावर किती कुप्या दिल्या, काय रिअ‍ॅक्शन आली आणि गावच्या आशाताईचा फोन नंबर असू दे. सुरत आणि नंदुरबारच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी हंगामापुरती तरी अशा रुग्णांची यादी एकमेकांना द्यावी. साखर कारखान्यांनी पडावात खाटा आणि मच्छरदाण्या पुरवाव्यात. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते.

आणि हे वाचणाऱ्या मुकादमांना, उधना-लिंबायतच्या माझ्या माणसांना एवढंच सांगते. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. हातपाय न हलवता १०८ ला फोन करा. सुटी झाली की केसपेपर जपून ठेवा. पंधरा दिवसांत ताप आला, सांधे दुखले, लघवी कमी झाली किंवा जखम काळी पडली, तर तोच कागद घेऊन थेट दवाखाना गाठा आणि सांगा, “प्रतिविष घेतलं होतं.” तुम्ही हे सांगाल तेव्हा समोरच्या डॉक्टरकडे ते लिहायला रकाना असला पाहिजे. तो छापून देणं सरकारचं काम आहे, आणि येत्या हंगामाआधी ते होऊ शकतं.